चिचेन इत्झाला निघताय? बॅग भरण्याआधी मुक्काम ठरवा

सगळ्यात आधी मुक्काम ठरवा, आणि मेक्सिकोच्या युकातान भागात माया या प्राचीन संस्कृतीच्या अवशेषांसाठीच जाणार असाल तर तो कान्कून या किनाऱ्यावरच्या शहरात ठरवू नका. तिथून चिचेन इत्झा हे प्राचीन माया शहर सुमारे २०० किलोमीटर. सहलीच्या बसेस पोचतात तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि कुकुलकान या सर्पदेवाच्या पिरॅमिडभोवती माणसंच माणसं. त्यापेक्षा वायादोलिद या जुन्या गावात दोन-तीन रात्री राहा. चिचेन इत्झा तिथून पाऊण तासावर आहे, त्यामुळे सकाळी ८ वाजता फाटक उघडतं तेव्हा तुम्ही दारात असाल. रविवार मात्र टाळा. मेक्सिकोच्या नागरिकांना त्या दिवशी प्रवेश मोफत असतो, त्यामुळे गर्दी दुप्पट वाटते.

कागदपत्रांत अमेरिकेत राहणाऱ्यांनी विशेष लक्ष घालावं. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच-वन-बी या अमेरिकी नोकरीच्या व्हिसाचा पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय आणि हाती फक्त मुदतवाढीचं पत्र आहे, तर ते पत्र मेक्सिकोत शिरताना चालत नाही. तिकिटं काढण्याआधी स्टॅम्पची तारीख बघा आणि वकिलातीच्या साइटवर ताजे नियम वाचा.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये उकाडा असह्य होतो, जूनपासून पाऊस आणि पाठोपाठ वादळांचे दिवस. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पकड असलेले बूट, डासांचं मलम आणि माणशी दोन लिटर पाणी एवढं हवंच. ड्रोन घरी ठेवा, अवशेषांच्या आवारात तो उडवता येत नाही.

आणि दुर्बीण घ्या. ती कशासाठी, ते ‘एक बालाम’ या ठिकाणी कळेल. वायादोलिदच्या उत्तरेला अर्ध्या तासावर हे प्राचीन माया शहर आहे, आणि माझ्या मते या भागात एकच जागा निवडायची झाली तर ती हीच. इथल्या अॅक्रोपोलिस नावाच्या ३० मीटर उंच, पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीच्या अंगावर, गवताच्या छपराखाली, उकित कान लेक तोक या आठव्या शतकातल्या राजाची समाधी आहे. तिचं दार म्हणजे एका अक्राळविक्राळ प्राण्याचा उघडा जबडा. उंबऱ्याशी खालच्या दातांची रांग, वर पाठीला पंख असलेल्या माणसांच्या मूर्ती. सगळं चुन्याच्या गिलाव्यात घडवलेलं, आणि बाराशे वर्षांनंतरही त्या मूर्तींच्या वस्त्रांवरची नक्षी ओळखू येते. वर चढू देण्याचे नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. चढाई बंद असली तर दुर्बीणच कामाला येईल. चिचेन इत्झाला मात्र पिरॅमिडवर चढणं कित्येक वर्षांपासून बंदच आहे.

पोहण्याचे कपडे आणि पंचा वरच्या पिशवीतच राहू द्या, कारण सेनोते, म्हणजे पाण्याची नैसर्गिक कुंडं, कुठेही भेटतात. उत्तर युकातानात जमिनीवर नद्या नाहीत. पाऊस चुनखडीतून झिरपून खाली जातो आणि तिथल्या पोकळीचं छत कोसळलं की ही विहिरीसारखी कुंडं उघडी पडतात. माया लोकांची गावं याच पाण्यावर जगली. म्हणून उतरण्याआधी अंघोळ करायला सांगतात आणि सनस्क्रीन लावू देत नाहीत. हा नियम मनापासून पाळा. चिचेन इत्झाच्या दक्षिणेला याशुनाह गाव आहे. गावातच सेनोते, शेजारी अवशेष, आणि कोबा या दुसऱ्या माया शहरापासून इथवर आलेला सुमारे १०० किलोमीटरचा प्राचीन पांढरा रस्ता. फार कमी पर्यटक तिकडे वळतात. तिथे रोख पेसो आणि तेही सुट्टे लागतात.

मेरिदा या युकातानच्या राजधानीकडे जाणार असाल तर वाटेत इसामाल घ्या. पिवळ्या रंगात रंगवलेलं गाव, आणि मधोमध माया चौथऱ्यावर उभारलेला फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. तो बांधवून घेणाऱ्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनेच १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. हे वाचून गेलात तर त्या अंगणात पाय जरा जड होतो. उश्माल आणि काबाह या माया शहरांच्या अवशेषांसाठी मात्र वेगळा दिवस काढा. काबाहच्या एका भिंतीवर पर्जन्यदेव चाकचे शेकडो मुखवटे ओळीने बसवलेत. त्या डोंगराळ पट्ट्यात सेनोते जवळपास नाहीतच, पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवावं लागे. मग चाकची एवढी आळवणी का, ते आपोआप समजतं.

शाकाहारी असाल तर घेवड्यासारख्या काळ्या बियांच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते हे ध्यानात ठेवा आणि ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीशिवाय, असं सांगायला शिका. सिकिल पाक मात्र जरूर मागवा. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, टोमॅटो आणि कोथिंबिरीची ही चटणी मक्याच्या पोळीबरोबर पोटभर खाता येते.

गाडी भाड्याने घेतलीत तर तिसऱ्या पक्षाचा विमा किमतीत धरलाय का ते लेखी विचारा. गावांमधले गतिरोधक बऱ्याचदा रंगवलेले नसतात, म्हणून अंधारात गाडी चालवू नका. आणि परतीच्या विमानाचं गणित नीट करा: कान्कून वेगळ्या राज्यात आहे, तिथलं घड्याळ वायादोलिदच्या एक तास पुढे असतं. दुपारी २ चं विमान असेल तर वायादोलिदच्या घड्याळात ते १ वाजता उडतं.