पोर्तोत कमी पैशांत पोटभर आणि चांगलं कसं जेवावं

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात गेलात की दोरू नदीच्या काठी रिबेरा या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरांसमोर मांडलेली टेबलं तुम्हाला बोलावतील. समोर १८८६ सालचा लोखंडी पूल, पलीकडे वाइनची जुनी कोठारं. तिथे बसून कॉफी जरूर प्या. जेवायला मात्र चढण चढून दहा-पंधरा मिनिटं शहरात आत चला. तिकडे जेवण स्वस्त पडतं, शिवाय ते पोर्तोची माणसं रोज जेवतात तेच असतं.

१. मोठं जेवण दुपारी करा. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. साडेबारा ते अडीच या वेळात गल्लीबोळांतल्या खानावळी (त्यांना 'ताश्का' म्हणतात) 'प्रातु दु दिया', म्हणजे आजचं ताट, वाढतात. दाराशी बहुतेकदा हाताने लिहिलेला कागद लावलेला असतो. सूप, मुख्य पदार्थ, पेय आणि शेवटी कॉफी असं सगळं मिळून साधारण दहा युरोच्या आसपास, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. त्या पैशांत नेमकं काय काय येतं ते कागदावर आधी पाहून घ्या, कारण काही ठिकाणी पेय आणि कॉफी वेगळी लावतात.

चांगली खानावळ ओळखणं सोपं आहे. कामाच्या कपड्यांतले रंगारी, शेजारच्या ऑफिसातली मंडळी, कोपऱ्यात एकटेच पेपर वाचत जेवणारे आजोबा दिसले की बिनधास्त आत जा. एक वाजायच्या आत पोहोचा. उशीर झाला की कागदावरचे चांगले पदार्थ खोडले जातात. रविवारी यातल्या बऱ्याच खानावळी बंद असतात, त्या दिवसाची सोय आधीच करून ठेवा.

२. न मागितलेल्या बशीला विचार करून हात लावा. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज टेबलावर येतं. याला 'कुवेर' म्हणतात आणि ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, हात लावला नाही तर लागत नाही. नको असेल तर हसून परत न्यायला सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. पाव-ऑलिव्ह मात्र बहुतेकदा पैसे वसूल करणारे असतात. मी ते ठेवून घेते आणि चीज परत पाठवते.

३. अर्धी प्लेट मागा. मेनूवर 'दोज' आणि 'मेया दोज' असे दोन भाव दिसले तर मेया दोज म्हणजे अर्धी. एका माणसाला ती भरपूर होते आणि पूर्ण दोज दोघांत आरामात जाते. ताटात भात आणि तळलेला बटाटा दोन्ही एकत्र आले तर चकित होऊ नका, तिथली रीतच तशी आहे.

४. मेनू वाचायला घाबरू नका. त्यातले किती तरी शब्द गोवा-कोकणच्या वाटेने आपल्या घरात आलेले आहेत. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू हे सगळे पोर्तुगीजांकडून आले. आपला 'पगार'सुद्धा त्यांच्या पैसे देण्याच्या क्रियापदातून आलेला. एक शब्द मात्र फसवतो: मेनूवर 'पेरू' दिसला तर ते फळ नाही, टर्की पक्षी आहे.

५. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून थांबू नका. तिथे मासा मांसात धरत नाहीत. 'सें कार्न, सें पेयश' म्हणजे मांस नको, मासाही नको, असं दोन्ही सांगा. बटाटा आणि हिरव्या पाल्याचं 'काल्दु वेर्द' हे सूप सुंदर लागतं, पण त्यात 'शोरीसु'ची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती टाकतात. गोव्यातल्या चोरिसाचं हे मूळ. 'सें शोरीसु' म्हटलं की चकती टाकत नाहीत, तरी सॉसेज सुपातच शिजवलं आहे का, ते विचारून घ्या. भाज्यांचं सूप, आम्लेट, सॅलड, भात एवढ्यावर एक वेळ छान निभते. पोर्तोचं प्रसिद्ध 'फ्रान्सेझीन्या' हे सॉसमध्ये बुडवलेलं जाड सँडविच आहे. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही असतं, काही ठिकाणी शाकाहारी प्रकारही मिळतो. खाणाऱ्यांनी एक मागवून दोघांत वाटून घ्यावं.

६. सकाळ आणि रात्र हलकी ठेवा. हॉटेलच्या नाश्त्याचे वेगळे पैसे पडणार असतील तर तो घेऊ नका. कोपऱ्यावरच्या 'पाश्तेलारिया'त जाड पावाचा लोणी लावलेला टोस्ट आणि दुधाची कॉफी तीन-चार युरोत होते. काउंटरशी उभं राहून प्यायलं तर अनेक ठिकाणी बाहेरच्या टेबलापेक्षा भाव कमी असतो. रात्री सूप-पाव पुरे. किंवा 'शुराश्केरा'तून, म्हणजे कोळशावर कोंबडी भाजणाऱ्या दुकानातून, एक अख्खी कोंबडी बांधून घ्या, दोघा-तिघांचं जेवण होतं. पिंगु दोस, कोंतिनेंत यांसारख्या सुपरमार्केटांत तयार जेवण आणि फळंही मिळतात. बोल्यांवचा १९१४ सालचा बाजार दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडला. तिथली फळं, ऑलिव्ह, चीज बघत फिरा, मात्र पर्यटकांसाठी मांडलेल्या छोट्या बश्यांचे भाव आधी वाचा. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटली भरून सोबत ठेवा.

७. माशांसाठी एक दिवस राखून ठेवा. मेट्रोने मातोझीन्युश या समुद्रकाठच्या शेजारच्या गावाला जा. तिथे रस्त्यावरच शेगड्या लावून मासे भाजतात आणि तो वास अख्ख्या गल्लीत भरलेला असतो. आपल्याकडच्या मासे खाणाऱ्यांना तिथे घरी आल्यासारखं वाटेल. मोठा मासा किलोवर विकतात, म्हणून भाजायला टाकण्याआधी वजन करून एकूण किती होतील ते विचारा. खर्च कमी ठेवायचा तर उन्हाळ्यात पेडवे, म्हणजे सार्डिन, मागा. जून ते सप्टेंबर ते तेलाने भरलेले असतात आणि भावही परवडतो.

बिल हवं असेल तर 'आ कोंता, पुर फावोर' म्हणा. कर भावातच धरलेला असतो आणि टिप सक्तीची नाही, थोडी चिल्लर ठेवली तरी चालते. बिलात चूक दिसली तर शांतपणे दाखवा. तरी ऐकलं नाही तर तक्रारवही मागा. ती प्रत्येक हॉटेलात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

२३ जूनच्या रात्री शहरात असाल तर सां जुवांवच्या, म्हणजे संत जॉनच्या, उत्सवात घरोघरी, दारोदारी शेगड्या पेटतात. त्या रात्री ताश्का शोधत बसू नका. पावावर ठेवलेला भाजका पेडवा हातात घ्या आणि गर्दीबरोबर नदीकडे चालत राहा.