कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाई कशी मागावी

सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यांत धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) उडून डोळ्याला लागणे किंवा दातेरी चाकात बोटे सापडणे हे अपघात नवीन नाहीत. अनेकदा मालक दवाखान्याचे बिल भरतो, काही आठवड्यांचा पगार हातावर ठेवतो आणि 'माझी कोणतीही तक्रार नाही' असे स्टँपपेपरवर लिहून घेतो. त्या कागदावर सही करू नये. केली असेल तरी हक्क बुडाला असे समजू नये, कारण भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो.

दाव्याचे बरेचसे भवितव्य पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर ठरते. सिव्हिल रुग्णालयात दाखल करताना सोबत आलेल्या माणसाने घाबरून किंवा मालकाच्या सांगण्यावरून 'घरी पडून मार लागला' असे सांगितले, तर पुढे विमा कंपनीचा वकील तेच वाक्य वाचून दाखवतो. म्हणून कारखान्याचे नाव, पाळीची वेळ आणि कोणत्या मागावर काम चालू होते, हे डॉक्टरांना सांगून एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद करवून घ्यावी. त्यानंतर मालकाला अपघाताची लेखी सूचना रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी.

कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आहे की नाही, हे वकिलाकडे जाण्यापूर्वीच पाहावे. विमा असेल तर मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. त्याऐवजी तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते.

विमा नसेल तर पूर्वी 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम लागू होत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी रकमेचा मूळ हिशेब तोच आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणतात. तीस वर्षांच्या विणकराचे वेतन 14,000 रुपये असेल, तर 8,400 गुणिले 207.98 म्हणजे 17,47,032 रुपये होतात. एका हाताची दोन बोटे गेल्यास कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता 20 टक्के घटल्याचे धरले जाते, म्हणजे सुमारे 3,49,406 रुपये मिळायला हवेत. ही टक्केवारी शरीराची नसून कमाईची आहे, हे वकिलालाही ठासून सांगावे लागते. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पूर्ण अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

पीसरेटवर, म्हणजे नगाप्रमाणे मजुरीवर, काम करणाऱ्याचे वेतन सिद्ध करणे हे खरे अवघड काम आहे. आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, उचल लिहिलेली वही, बँकेतील जमा आणि सोबतच्या कामगारांच्या साक्षी यांवरून मागील बारा महिन्यांची सरासरी मांडावी. कामगार ठेकेदाराचा असला, तरी ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मूळ मालकालाही दाव्यात सामील करावे, कारण वसुली बहुधा त्याच्याकडूनच होते.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत नुकसानभरपाई आयुक्तांकडे दाखल करावा. महाराष्ट्रात हे अधिकार प्रामुख्याने कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे आहेत. अपघात सोलापुरात झाला आणि कुटुंब अक्कलकोट किंवा कलबुर्गीला राहते, अशा वेळी राहत्या ठिकाणीही अर्ज करता येतो. 1923 च्या कायद्याखाली देय रक्कम महिनाभरात न दिल्यास 12 टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड लागतो. म्हणून अर्जात दोन्हींची मागणी स्पष्टपणे लिहावी. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने विधवेच्या हाती परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. ती आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर चौकशी करावी. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत वकिलाला पात्र असतात. खासगी वकील नेमला तर फी किती आणि ती केव्हा द्यायची हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे, आणि कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर कोणालाही सही देऊ नये.