लांबचा धूमकेतू ट्रॅक करायचाय? ॲप ठेवा बाजूला

बर्नार्डिनेली-बर्नस्टीन, म्हणजे सी/२०१४ यूएन२७१, हा धूमकेतू २०३१ च्या जानेवारीत सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल तेव्हासुद्धा जवळपास ११ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), शनीच्याही पलीकडेच असणार. असल्या लांबच्या पाहुण्याची नेमकी जागा हवी असेल तर फोनमधल्या ॲपच्या भरवशावर राहू नका, त्यात कक्षेचे आकडे बऱ्याचदा जुनेच पडून असतात.

सरळ नासा-जेपीएलचं होरायझन्स उघडा, ग्रह-धूमकेतूंची जागा काढून देणारी ही वेबसाइट फुकट आहे. टार्गेटमध्ये नाव टाका, ऑब्झर्व्हर टेबल निवडा आणि लोकेशन आठवणीने आपल्या गावाचं द्या, कारण डिफॉल्टला ते पृथ्वीच्या केंद्रातून हिशोब करतं आणि मग क्षितिजापासूनची उंची मिळतच नाही. ही उंची बघाच, कारण पुण्यातून साधारण उणे ७१ अंश डिक्लिनेशनच्या (म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून दक्षिणेला ७१ अंशांच्या) खालचं काही उगवतच नाही, मग दुर्बीण कितीही भारी असू दे.

तेजस्वितेचे दोन कॉलम येतात. टी-मॅग म्हणजे अख्खा धूमकेतू, एन-मॅग फक्त केंद्रक, म्हणजे मधला घन गोळा, बघायचं टी-मॅग. पण तो फक्त सूत्रातून काढलेला अंदाज असतो हां, धूमकेतू काय सूत्र वाचून वागत नाहीत, याच पठ्ठ्याचा सप्टेंबर २०२१ मध्ये अचानक भडका उडाला होता. म्हणून स्लोव्हेनियातल्या वेधशाळेच्या कॉब्स डेटाबेसमध्ये लोकांनी खरंच मोजलेले आकडे असतात ते शेजारी लावा, आणि दोघांत एक-दीड मॅग्निट्यूडचा (तेजस्वितेच्या मापाचा) फरक दिसला तर मोजलेलाच धरा.