उशिरा लागलेला डिफॉल्ट: तक्रारीआधी काय काय हाताशी हवं

ब्रिटनमध्ये क्रेडिट फाइलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवर, लागलेला डिफॉल्ट (हप्ते थकून खातं मोडल्याची खूण) सहा वर्षं राहतो. कर्ज पुरतं फेडा, अर्धं फेडा किंवा एक पेनीही देऊ नका, डिफॉल्टच्या तारखेपासून सहा वर्षं भरली की त्या खात्याची अख्खी नोंद फाइलवरून उतरते. म्हणजे सगळं अडतं ते त्या एका तारखेवर. हप्ते 2018 मध्ये थांबले आणि डिफॉल्ट 2021 मध्ये लावला, तर एकाच थकबाकीपायी माणसाची फाइल नऊ वर्षं डागाळलेली राहते आणि घरासाठीचं मॉर्गेज तेवढं लांबतं. अशा वेळी "डिफॉल्ट काढून टाका" असं मागू नये. हप्ते खरोखर चुकले असतील तर ती मागणी पहिल्याच उत्तरात फेटाळली जाते. मागायचं ते एवढंच, की तारीख जिथे असायला हवी होती तिथे मागे न्या. योग्य तारखेपासून सहा वर्षं उलटून गेलेली असतील तर नोंद आपोआप जाते.

पहिलं काम या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट एजन्सींचे अहवाल काढण्याचं. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिघींकडून स्टॅट्युटरी रिपोर्ट (कायद्याने द्यावाच लागणारा अहवाल) फुकट मिळतो. मोबाइल अ‍ॅपवरचा स्कोअर इथे उपयोगाचा नाही. अ‍ॅप बहुधा एकाच एजन्सीचं चित्र दाखवतं आणि जुने तपशील गाळतं. प्रत्येक कंपनी तिन्हींकडे माहिती पाठवतेच असं नाही, त्यामुळे एका अहवालात दिसलेली चूक दुसरीकडे नसू शकते, किंवा तिथे तारीखच वेगळी असू शकते. तिन्ही अहवाल पीडीएफ करून, काढल्याची तारीख नावात घालून जपून ठेवा. तक्रारीनंतर नोंद बदलली की आधीची स्थिती दाखवायला दुसरं काही उरत नाही.

अहवाल काढताना आपल्या नावांचा घोळ होतो. एका खात्यावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव, दुसऱ्यावर नुसतं नाव-आडनाव, लग्नाआधीचं खातं माहेरच्या आडनावाने. सगळी रूपं आणि मागच्या सहा वर्षांचे सगळे पत्ते अर्जात द्या. विद्यार्थी असतानाची भाड्याची खोलीसुद्धा सोडू नका, कारण जुनी थकबाकी बहुतेक तिथल्याच पत्त्यावर चिकटलेली असते. भारतात परतलेल्यांनी पासपोर्टची प्रत आणि जुन्या पत्त्याचा एखादा पुरावा शोधून ठेवावा. ब्रिटनचा मोबाइल नंबर बंद झाला असेल तर ऑनलाइन ओळख पटवणं अडतं, मग टपालाने अर्ज करावा.

आता अहवालातला महिन्यांचा तक्ता नीट वाचा. खरा पुरावा बऱ्याचदा इथेच असतो. प्रत्येक महिन्याच्या चौकोनात एक आकडा असतो. 0 म्हणजे हप्ता वेळेवर, 1 म्हणजे एक हप्ता मागे, 2 म्हणजे दोन, असं 6 पर्यंत. एक्सपेरियनच्या तक्त्यात 8 म्हणजे डिफॉल्ट. 1, 2, 3, 4, 5, 6 असा चढत गेलेला आकडा पुढे 6, 6, 6, 6 असा दोन-तीन वर्षं तसाच पडून राहिला आणि मग 8 आला, तर खातं केव्हाच मोडलं होतं हे कंपनीने स्वतःच महिन्यामहिन्याला लिहून दिलेलं आहे. त्या पानाची वेगळी छापील प्रत काढा आणि पहिल्या 6 भोवती पेनने गोल करा. जुने महिने तक्त्यातून गळत जातात, म्हणून आधीच्या वर्षांत काढलेला एखादा अहवाल ईमेलमध्ये सापडतो का ते अवश्य बघा.

मग तारखांचा हिशेब. साधारण तीन महिन्यांची थकबाकी झाली की डिफॉल्ट लावता येतो आणि सहा महिने होईपर्यंत तो लागलेला असावा, असं मार्गदर्शन आहे; ते कुठलं, हे पुढे येतं. समजा क्रेडिट कार्डाचा शेवटचा पूर्ण हप्ता मार्च 2018 मध्ये गेला आणि एप्रिलपासून काहीच भरलं नाही. जूनअखेर तीन हप्ते थकले, सप्टेंबरअखेर सहा. डिफॉल्ट लागला नोव्हेंबर 2021 मध्ये, म्हणजे नोंद नोव्हेंबर 2027 पर्यंत राहणार. तोच सप्टेंबर 2018 मध्ये लागला असता तर सप्टेंबर 2024 मध्येच फाइल मोकळी झाली असती. हा हिशेब एका पानावर, महिना आणि देय रक्कम अशा दोन रकान्यांत मांडा. "तीन महिने थकबाकी" म्हणजे कॅलेंडरचे तीन महिने नव्हेत, तीन हप्त्यांइतकी रक्कम. महिन्याचा हप्ता 40 पाउंड असताना कोणी दरमहा 20 भरत असेल, तर सहा महिन्यांनी थकबाकी तीनच हप्त्यांची होते. इथे गफलत झाली की कंपनी तेवढ्याच मुद्द्यावर बोट ठेवते आणि बाकीचं सगळं बाजूला पडतं.

तीन आणि सहा महिन्यांचा हा आधार 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तत्त्वांमध्ये आहे. थकबाकी, तडजोड आणि डिफॉल्ट क्रेडिट एजन्सींकडे कसे नोंदवावेत याची ती तत्त्वं कर्ज देणाऱ्या उद्योगाने इन्फर्मेशन कमिशनरच्या (वैयक्तिक माहितीच्या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या) कार्यालयासोबत ठरवली. साधारणपणे तीन महिन्यांची थकबाकी झाली की डिफॉल्ट नोंदवता येतो आणि सहा महिने होईपर्यंत तो नोंदवलेला असावा, असं त्यात म्हटलं आहे. नोंद करण्याआधी किमान 28 दिवस ग्राहकाला कळवावं, असंही आहे. हा कायदा नव्हे, मार्गदर्शन आहे. पत्रात त्याला कायदा म्हणू नका. कायद्याचा आधार वेगळा आहे: यूके जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वैयक्तिक माहिती अचूक असली पाहिजे आणि कलम 16 प्रमाणे चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा हक्क आहे. मॉर्गेजसारख्या तारण कर्जाला सहा महिन्यांचा हिशेब तसाच लागू होत नाही, तिथे डिफॉल्ट उशिरा लागू शकतो.

कागदांमध्ये सर्वांत आधी कंपनीकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे तिच्याकडे असलेली आपली माहिती मागणारा अर्ज, टाका, कारण त्याला वेळ लागतो. तो फुकट असतो, उत्तराची मुदत एक महिना, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन. कर्ज पुढे विकलं गेलं असेल तर मूळ कंपनी आणि विकत घेणारी कंपनी, दोघांना स्वतंत्र पाठवा. "माझी सगळी माहिती द्या" एवढंच लिहिलं तर बरंच काही सुटतं. नावं घालून मागा: सुरुवातीपासूनचं खात्याचं स्टेटमेंट, फोनवरच्या संभाषणांच्या नोंदी, पाठवलेल्या डिफॉल्ट नोटिसा, क्रेडिट एजन्सींना दर महिन्याला पाठवलेली माहिती, आणि कर्ज विकल्याची तारीख. उशीर करू नका. खातं बंद होऊन साधारण सहा वर्षं झाली की बऱ्याच कंपन्या कागद नष्ट करतात. कंझ्युमर क्रेडिट कायद्याखाली एक पाउंड भरून कराराची प्रत मागवायची वाटही अनेकजण सुचवतात. करार मिळाला नाही तर कोर्टात वसुली अडू शकते, पण तेवढ्याने डिफॉल्टची तारीख हलत नाही. त्या वाटेने गेलात तर दोन-तीन महिने नुसते वाया जातील.

तुमच्या बाजूने बँकेचं स्टेटमेंट हवं. शेवटचा पूर्ण हप्ता गेला तो महिना आणि पुढचे किमान सात महिने. बँक खातंच बंद केलं असेल तर त्या बँकेलाही अशीच रिक्वेस्ट पाठवता येते.

डिफॉल्ट नोटीस आणि क्रेडिट फाइलवरचा डिफॉल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गल्लत फार होते. नोटीस म्हणजे 1974 च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम 87 खालचं पत्र. थकबाकी भरायला किमान 14 दिवस देऊन ते पाठवलं जातं. जुन्या डब्यात, फायलीत असं 2018 चं पत्र सापडलं तर ते सोन्यासारखं आहे, कारण खातं मोडल्याचं कंपनीने तेव्हाच मान्य केलं होतं हे त्यावरून दाखवता येतं. पण "मला नोटीस मिळालीच नाही, म्हणून डिफॉल्ट रद्द करा" हा मुद्दा सहसा लंगडा पडतो. पत्ता बदलल्याचं आपण कळवलेलं नसतं आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेल्याची नोंद कंपनीकडे असते.

आता सर्वांत जपण्याची गोष्ट. इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टात जायची मुदत सहा वर्षांची आहे. स्कॉटलंडमध्ये ती पाच वर्षांची, आणि तिथे मुदत संपली की कर्जच संपतं. या काळात तुम्ही एखादी रक्कम भरली, किंवा सही करून कर्ज मान्य असल्याचं लिहून दिलं, तर मुदत पहिल्यापासून सुरू होते. कोर्ट ऑफ अपीलच्या 2019 च्या निकालानंतर क्रेडिट कार्डासारख्या, कंझ्युमर क्रेडिट कायद्याखाली येणाऱ्या कर्जात ही मुदत शेवटच्या हप्त्यापासून नाही, तर डिफॉल्ट नोटिशीतले दिवस संपल्यापासून मोजतात. म्हणजे मुदत संपली असं तुम्हाला वाटत असतं आणि ती संपलेली नसते. म्हणून पत्रात "माझं कर्ज", "मी देणं लागतो", "सवड मिळाली की भरीन" असले शब्द नकोत. "तुम्ही ज्या खात्याचा उल्लेख करता ते" असं लिहा आणि हे पत्र म्हणजे कोणतंही कर्ज मान्य करणं नाही, अशी ओळ वरच घाला. मनाचा मोठेपणा म्हणून पाच पाउंड मुळीच पाठवू नका. कर्ज अजून फाइलवर आहे, मुदत संपायला थोडेच महिने आहेत आणि रक्कम मोठी आहे, असं असेल तर पत्र टाकण्याआधी स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस यांच्याशी बोला. तिघांचाही सल्ला मोफत असतो. पैसे घेऊन फाइल साफ करून देतो म्हणणाऱ्यांकडे जायची गरज नाही, तेही हेच पत्र लिहितात.

पत्र कोणाला, हे नोंद कोणाच्या नावावर दिसते त्यावर ठरतं. मूळ कंपनीने डिफॉल्ट लावून मग कर्ज विकलं असेल, तर विकत घेणाऱ्याने तीच तारीख पुढे चालवायला हवी. त्याने नवी तारीख टाकली असेल तर चूक त्याची, आणि हे प्रकरण सर्वांत सोपं, कारण जुन्या अहवालातली मूळ तारीख समोर ठेवली की बोलणं संपतं. मूळ कंपनीनेच उशीर केला असेल तर दोघांना एकाच दिवशी लिहा. नाहीतर एक म्हणते तारीख आम्हाला तशीच मिळाली, दुसरी म्हणते खातं आता आमच्याकडे नाही, आणि तुम्ही मधल्यामध्ये फिरत राहता.

फक्त क्रेडिट एजन्सीच्या वेबसाइटवर डिस्प्यूटचं (हरकतीचं) बटण दाबून भागत नाही. एजन्सी कंपनीला विचारते, कंपनी "माहिती बरोबर आहे" म्हणते, विषय बंद. कंपनीच्या संमतीशिवाय एजन्सी सहसा तारीख बदलत नाही. तरीही कंपनीला पत्र गेल्यावर एजन्सीकडे डिस्प्यूट जरूर नोंदवा, कारण चौकशी चालू असेपर्यंत नोंदीवर तशी खूण राहते. पुढे 200 शब्दांपर्यंतचं स्पष्टीकरण फाइलला जोडायचाही हक्क आहे, पण मॉर्गेजच्या अर्जाच्या तोंडावर ते जोडल्यास अर्ज माणसाने हाताने तपासावा लागतो आणि निर्णय लांबतो.

पत्राच्या विषयात "तक्रार" हा शब्द स्पष्ट लिहा, म्हणजे तिला तक्रारीचे नियम लागू होतात. मजकूर एका पानात बसवा: खात्याचे शेवटचे चार आकडे, शेवटच्या पूर्ण हप्त्याची तारीख, सहा हप्ते थकल्याची तारीख, नोंदवलेली तारीख, हवी असलेली तारीख, आणि तिन्ही एजन्सींकडे दुरुस्तीची मागणी. डिफॉल्ट कधी लागलाच नाही आणि खातं वर्षानुवर्षं थकीत दिसतंय, तर उलट आपणच मागच्या तारखेचा डिफॉल्ट मागायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसं थकीत खातं फेडल्यानंतरही सहा वर्षं दिसत राहतं आणि न फेडल्यास त्याला शेवटच नसतो.

कमी हप्त्याची तडजोड झालेली प्रकरणं अवघड. ठरलेली तडजोड पाळली जात असेल तोवर डिफॉल्ट सहसा लावत नाहीत, त्यामुळे कंपनीचा उशीर समर्थनीय ठरू शकतो. तडजोड कधी सुरू झाली हे पाहा. सहा हप्ते थकून गेल्यानंतर ती झाली असेल तर तुमचा मुद्दा उभा राहतो. तिसऱ्याच महिन्यात झाली असेल तर ती मोडल्याची तारीख शोधा आणि तिथून मोजा.

कंपनीला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. उत्तर नकाराचं आलं किंवा आलंच नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा. शुल्क नाही, पण अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांत जायला हवं, म्हणून ते पत्र आलं की कॅलेंडरवर खूण करा. मोबाइल किंवा वीज-गॅसच्या थकबाकीसाठी त्या त्या क्षेत्राचे ऑम्बड्समन वेगळे आहेत. नुसता तारखेच्या अचूकतेचा वाद इन्फर्मेशन कमिशनरकडेही नेता येतो, मात्र ते कार्यालय भरपाई देत नाही.

मान्य झालं, तर तारीख बदलल्याचं लेखी घ्या. कंपन्या एजन्सींना महिन्यातून एकदा माहिती पाठवतात, त्यामुळे सहा आठवडे जाऊ द्या आणि मग तिन्ही अहवाल पुन्हा काढा. एका ठिकाणी दुरुस्त आणि दुसरीकडे तशीच, हे नेहमी घडतं. ते पत्र कर्ज फिटलं तरी टाकू नका. खातं आणखी पुढे विकलं गेलं आणि नव्या मालकाने पुन्हा चुकीची तारीख टाकली, तर त्याला ही एक प्रत पाठवायची.