साइन लँग्वेजमध्ये हात किती वेळा हलला ते मोजू नका, कसा हलला ते बघा

मराठीत आपण "वाट बघून बघून कंटाळलो" म्हणतो, "घरोघरी" म्हणतो, म्हणजे शब्द डबल केला की अर्थ बदलतो हे आपल्याला काही नवीन नाही. साइन लँग्वेजमध्ये, म्हणजे कर्णबधिर (डेफ) लोकांच्या खुणांच्या भाषेत, हेच काम हात करतो, फक्त तिथे नुसतं "दोनदा केलं" एवढ्यावर भागत नाही. खालची उदाहरणं बहुतेक अमेरिकन साइन लँग्वेजची आहेत कारण तिच्यावर या बाबतीत १९७० च्या दशकापासून भरपूर काम झालंय. पण या भाषा ठिकठिकाणी वेगळ्या असतात, त्यामुळे खुणा जशाच्या तशा उचलू नका, कुठे लक्ष द्यायचं तेवढं घ्या.

आधी क्रियापद आणि नाम अशा जोड्या पकडा. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या हाताच्या दोन बोटांवर एकदाच टेकवली की "बसणे", तीच आखडत्या छोट्या हालचालीत दोनदा टेकवली की "खुर्ची". "विमान"चंही तसंच, हात एकदाच लांब गेला तर उडणं आणि पुढे दोन बारीक झटके दिले तर वस्तू. मी सुरुवातीला समोरच्याला नीट कळावं म्हणून जोरजोरात चार-पाच वेळा टेकवायचो आणि मग समोरचा आणखीनच गोंधळायचा!

खरी गंमत क्रियापदांत आहे. आरशासमोर उभे राहा आणि "बघणे" करा, म्हणजे दोन बोटांचा व्ही करून टोकं बघायच्या वस्तूकडे. आता हात न थांबवता सावकाश गोल गोल फिरवा, झालं "बघतच राहिला". तेच छोट्या, सरळ, भराभर हालचालीत केलं तर "नेहमी बघतो", म्हणजे सवय. आणि दरवेळी पुढे जाऊन टक्कन थांबायचं, मग सावकाश मागे येऊन परत टक्कन, तर "परत परत बघितलं". हात तोच, खूण तीच, पण गोल की सरळ, फास्ट की स्लो आणि शेवटी थांबा आहे की नाही यावर सगळा खेळ. चेहराही सोबत लागतो, "बघतच राहिला" म्हणताना तोंड कोरं ठेवलंत तर ते अर्धवटच वाटतं.

मग जागा. "देणे" न थांबता एकाच झोकात लोकांसमोरून ओढत नेलं तर "सगळ्यांना दिलं", पण अर्धगोलात सरकत दर ठिकाणी छोटं छोटं "दे, दे, दे" केलं तर "प्रत्येकाला वेगवेगळं दिलं". हा फरक मला फार आवडतो, मराठीत त्यासाठी "एकेकाला" असा अख्खा शब्द लागतो. अनेकवचनातही सरकणं येतं, "मूल"ची खूण बाजूला सरकवत रिपीट केली की "मुलं". मात्र हे सगळीकडे चालत नाही. जर्मन साइन लँग्वेजमध्ये सोबत आकडा आला, म्हणजे "पाच मुलं" वगैरे, की खूण रिपीट करत नाहीत, आणि अंगाला टेकवून करायच्या खुणा तर अनेकवचनासाठी तिथे रिपीट होतच नाहीत.

प्रॅक्टिस करताना डेफ लोकांचे व्हिडिओ स्लो करून बघा आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा, आधी फक्त हाताचा रस्ता, मग वेग, मग थांबा, सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. आणि जिथे तिथे अर्थ शोधू नका, काही खुणा मुळातच डबल असतात. अमेरिकन साइन लँग्वेजमध्ये "शाळा" म्हणजे दोनदा टाळी, म्हणून काही त्या दोन शाळा होत नाहीत.