सूक्ष्माक्षरांतून चित्र रेखाटताना या चुका टाळा

सूक्ष्माक्षरी चित्र लांबून चित्र म्हणून ओळखू आले पाहिजे आणि जवळून वाचता आले पाहिजे. दुसऱ्या कसोटीवर चित्र फसते, तेव्हा दोष बहुधा हाताच्या थरथरीला दिला जातो. माझ्या मते खरा घोटाळा शिरोरेषेत असतो. हिब्रू लेखनिक ही कला हजार वर्षांपूर्वीच जोपासत होते आणि इ. स. १००८च्या लेनिनग्राड हस्तलिखिताच्या, म्हणजे हिब्रू बायबलच्या एका जुन्या प्रतीच्या, काही पानांवर त्यांनी बारीक ओळी वळवून भौमितिक आकृत्या रचल्या आहेत. परंतु त्यांची अक्षरे सुटी असल्याने ती पद्धत देवनागरीला जशीच्या तशी लागू पडत नाही.

आपल्याकडे शब्दागणिक एक आडवी रेघ येते आणि ओळी जवळ आल्या की चित्रभर पट्टे उमटतात. शिवाय ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची फट बुजली, तर पसायदानातला ‘स्वधर्म’ ‘स्वघर्म’ होऊन बसतो. ‘००५’ क्रमांकाच्या बारीक टोकाच्या पेनाची रेघ सुमारे ०.२ मिमी जाड असते, त्यामुळे अक्षराची उंची दोन मिमीच्या खाली नेऊ नये. आधी त्याच कागदावर ‘ध’, ‘घ’, ‘भ’, ‘म’ लिहून ते वेगळे वाचता येतात का, हे भिंगाशिवाय पाहावे.

गडद छटेसाठी लिहिलेल्यावर पुन्हा गिरवणे ही दुसरी मोठी चूक होय, कारण तिथे मजकूर संपतो आणि नुसता डाग उरतो. छटा अंतरातून साधावी: केसांत, डोळ्यांत अक्षरे लहान व दाट, तर गालावर विरळ. मात्र रफार, वेलांटी आणि उकार यांना जागा लागतेच, म्हणून ओळी एका मर्यादेपलीकडे जवळ आणता येत नाहीत. त्यापुढे पेनच एक क्रमांक जाड घ्यावा.

बाह्यरेषा शाईने काढू नये. ती अक्षरांच्या कडेनेच घडू द्यावी.

मजकूर आधी मोजावा. पसायदानाच्या नऊ ओव्या छोट्या विठ्ठलाला पुरतील, पण मोठ्या चित्रात त्या पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात. त्यापेक्षा २०५ मनाचे श्लोक घेणे बरे. जागा उरली म्हणून शेवटचे शब्द ताणणे लगेच डोळ्यांत भरते.

कागद गुळगुळीत आणि जाड असावा, कारण खरखरीत कागदावर शाई फुटते. हाताखाली कोरा कागद ठेवावा आणि शाई पूर्ण वाळल्यावरच पेन्सिलच्या खुणा मऊ खोडरबराने हलकेच टिपून घ्याव्यात.