घरच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्यात? मग पैसे आधी टेपवर घाला

आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांनी १९८८ साली टू-इन-वनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, साठची कॅसेट, दोन्ही बाजू भरून. २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, खालच्या कपाटातल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट मात्र गाळात गेल्या. त्यानंतर मी हे काम मनावर घेतलं, आणि दोन-तीन वर्षांत नातेवाइकांच्या मिळून पन्नासेक कॅसेट झाल्यात, म्हणून काय काय लागतं ते सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला मी ऑनलाइन मिळतो तो वॉकमनसारखा यूएसबीवाला प्लेअर घेतला होता, कॅसेट घाला, पिन लावा, एमपीथ्री तयार. आजीचा आवाज पाण्यावर हलल्यासारखा यायला लागला. कारण साधं आहे, कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या एकाच स्पीडनं पळायला पाहिजे आणि त्या स्वस्त खोक्यातली मोटर बारीक, फिरणारी चाकं हलकी, त्यामुळं स्पीड टिकत नाही. एकदा आवाज असा लहरला की पुढं कितीही भारी मशीन लावा, तो सरळ होत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बजेटमधले जास्त पैसे वाजवणाऱ्या मशीनवर घाला, कॉम्प्युटरला जोडायची डबी त्यानंतर.

ऑडिओसाठी जुना कॅसेट डेक बघा, मागं लाल-पांढऱ्या लाइन आउट पिना असलेला. नातेवाइकांच्या माळ्यावर एखादा असतोच, आधी घराघरात विचारा. मिळाला की लगेच कॅसेट घालू नका. आतले रबरी बेल्ट इतक्या वर्षांत सैल पडलेले असतात नायतर वितळून डांबरासारखे झालेले असतात, टेप दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक असेल तर त्याच्याकडून बदलून घ्या. मग हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आणि कॅप्स्टन, म्हणजे फीत ओढणारा तो बारीक लोखंडी दांडा, आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनं पुसा. तपकिरी मळ निघतो, बड पांढरा राहीपर्यंत पुसायचं. फीत त्या दांड्यावर दाबणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, मात्र साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण करत नाहीत. हेडच्या शेजारी एक स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो, त्यानं हेडचा तिरकेपणा बदलतो, याला अ‍ॅझिमथ म्हणतात. तुमची कॅसेट दुसऱ्याच मशीनवर रेकॉर्ड झालेली असते, त्या मशीनचं हेड जरा वेगळं बसलेलं असतं, म्हणून आवाज गोधडीतनं आल्यासारखा दबका येतो. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनो करून, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून, तो स्क्रू अगदी केसभर इकडं-तिकडं फिरवा आणि टाळांचा, बांगड्यांचा आवाज कुठं लख्ख होतो ते ऐका. स्क्रू मुळात कुठं होता ती खूण आधी मार्करनं करून ठेवा. मी हे केल्यावर ओव्यांच्या मागं जात्याची घरघर वेगळी ऐकू आली, आधी ती नुसती खरखर वाटत होती.

स्पीड बरोबर आहे का बघायला आमच्याकडं एक सोपी सोय होती. आजोबांच्या भजनी मंडळाची पेटी अजून घरात आहे, त्याच पेटीवर त्यांनी रेकॉर्डिंग केलेलं. कॅसेट लावायची आणि पेटीवर तोच सूर दाबून बघायचा. अर्धा सूर चढा आला तर डेक जोरात पळतोय. बऱ्याच मोटरींना मागच्या बाजूला बारीक भोक असतं, आतला स्क्रू फिरवला की स्पीड कमी-जास्त होतो. ते जमत नसेल तर ऑडासिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चेंज स्पीड करून दुरुस्त करता येतं, कारण चूक सगळीकडं सारखीच असते, लहरण्यासारखी नसते.

डेक कॉम्प्युटरला जोडायची डबी म्हणून साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस पुरतो, बेहरिंगरचा यूसीए२०२ मी वापरतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर लावू नका, तो बारीक सिग्नलसाठी असतो, आवाज फाटतो. ऑडासिटीत सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा आणि वेव्ह फाइल ठेवा, तासाला साधारण ६३५ एमबी होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपीथ्री वेगळी काढा.

कॅसेट लावण्याआधी वरच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडून टाका म्हणजे चुकून वरती रेकॉर्ड होणार नाही, आणि एकदा पूर्ण पुढं-मागं फिरवून घ्या. फितीच्या मागचा स्पंजचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज नीट येत नाही, अशा वेळी स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून रीळ त्यात बसवायचं.

व्हिडिओचं काम जास्त किचकट. व्हीसीआर नवा मिळत नाही, शेवटची कंपनी फुनाई, तिनंही २०१६ ला बनवायचं बंद केलं. त्यामुळं जुनाच घ्यायचा, आणि घेताना स्वतःची बिनमहत्त्वाची कॅसेट नेऊन चालवून बघायची. आतला फिरणारा ड्रम इअरबडनं अजिबात पुसू नका, कापसाचे धागे अडकून व्हिडिओ हेड तुटतं. शॅमॉय चामड्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवायचा आणि ड्रम हातानं फिरवायचा, वर-खाली घासायचं नाही.

व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायच्या, हजारच्या आतबाहेर मिळणाऱ्या ईझीकॅप डब्या नशिबावर चालतात. त्रास होतो तो जुन्या फितीचा सिग्नल डळमळतो म्हणून, डबीला पुढची फ्रेम सापडत नाही आणि मग चित्र तुटतं, आवाज मागं-पुढं होतो. यावर टाइम बेस करेक्टर हा उपाय, पण तो महाग, म्हणून लोक पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि डबीच्या मधे जोडतात, त्यातनं सिग्नल बराच सरळ होऊन बाहेर येतो. कुणाकडं पडून असेल तर भंगारात जाऊ देऊ नका. एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर मात्र घेऊ नका, चित्र ताणून माणसं जाड दिसतात.

सेटिंगमध्ये पाल, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, निवडा, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, राहिलं की चित्र काळंपांढरं येतं नायतर गडगडत वर जातं, आणि माणूस कॅसेट खराब म्हणून बाजूला ठेवतो. वरातीत लेझीमवाल्यांचे हात हलताना कंगव्यासारख्या रेघा दिसतील, तो इंटरलेसिंगचा प्रकार, म्हणजे एका फ्रेममध्ये एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं असतात. मूळ फाइल तशीच ठेवा, बघायची कॉपी डीइंटरलेस करून, म्हणजे ती अर्धी चित्रं वेगळी करून, ५० फ्रेमची काढा, हालचाल गुळगुळीत दिसते. मिनीडीव्ही कॅसेट असेल तर ती आधीच डिजिटल आहे, ती फायरवायरनंच, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या डिजिटल वायरनंच, घ्या.

हे सगळं काम पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते तिथं फितीचं काय, ओलसर फीत ड्रमला चिकटते आणि मशीन कॅसेट खातं. दिवाळीनंतर करा. कॅसेटच्या खिडकीतनं रिळाच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घालू नका, पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. पुरात भिजलेली असेल तर उन्हात टाकू नका आणि चालवून तर बघूच नका, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरनं गाळ काढून सावलीत वाळवा आणि जाणकाराकडं द्या.

फाइल झाल्या की एक हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडं, आमची पुण्याला बहिणीकडं असते. कॅसेटच्या कव्हरवरचं अक्षर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि आवाज कुणाचे ते घरातल्या मोठ्यांना ऐकवून लिहून घ्या. ओव्यांत आजीला साथ देणारी बाई कोण ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आत्यानं दुसऱ्या ओवीलाच ओळखलं, शेजारच्या घरातली सून होती, आता फाइलच्या नावात तिचंही नाव आहे.